मनोविकार परिचर्या आणि मनोविकारांची औषधे : खानदेशातील परिचारिका व नातेवाईक यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील परिचर्या विद्यार्थिनी, मनोविकार कक्षात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोणते औषध किती द्यायचे हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतात. ते औषध देताना आणि दिल्यानंतर काय पाहावे, एवढ्यापुरतीच ही माहिती आहे.

मनोविकार कक्षातील परिचारिकेचे काम इतर कक्षांपेक्षा वेगळे कसे?

शस्त्रक्रियेच्या कक्षात जखम डोळ्यांना दिसते आणि तिची स्थिती दोन शब्दांत लिहिता येते. मनोविकार कक्षात मात्र रुग्ण पहाटे किती वाजता उठला, ताट समोर येताच संशयाने मागे सरकला का, एकटाच पुटपुटत होता का, घरची माणसे भेटून गेल्यावर गप्प झाला का, अशा बारीक गोष्टींवरून आजार कोणत्या दिशेने चालला आहे हे कळते. डॉक्टर राऊंडच्या वेळी रुग्णाला काही मिनिटे पाहतात. उरलेला सगळा वेळ तो परिचारिकेच्या नजरेसमोर असतो. म्हणून ‘रुग्ण ठीक आहे’ ही नोंद मी विद्यार्थिनींना लिहू देत नाही. ‘रात्री २ वाजता उठून दाराशी उभा राहिला, कोणीतरी हाक मारते आहे असे म्हणाला, समजावल्यावर अर्ध्या तासात झोपला’ ही नोंद औषध बदलायचे की नाही हे ठरवायला उपयोगी पडते.

मनोविकारांचे मुख्य प्रकार कोणते?

स्किझोफ्रेनियासारखे आजार, ज्यांत भास (नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे) आणि भ्रम (खोटी पण पक्की समजूत) प्रमुख असतात, नैराश्य व उन्माद हे मनःस्थितीचे आजार, चिंता, भीतीचे झटके आणि मंत्रचळ (तोच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होणे), व्यसनाधीनता, स्मृतिभ्रंश, आणि लहानपणापासूनची बौद्धिक अक्षमता, हे ढोबळ प्रकार होत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता.

वर्गीकरण पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवणे अधिक मोलाचे आहे. कालपर्यंत व्यवस्थित असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, त्याला वेळकाळाचे भान नसेल आणि त्याची अवस्था तासातासाला बदलत असेल, तर तो प्रलाप असू शकतो. त्याचे मूळ ताप, रक्तातील साखर किंवा क्षार कमी होणे, मेंदूचा संसर्ग, डोक्याला मार किंवा एखादे औषध यांत असते. अशा रुग्णाची नाडी, तापमान, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर तपासल्याशिवाय त्याला मनोविकार कक्षाकडे पाठवणे धोक्याचे आहे.

रुग्ण बोलतच नाही. सुरुवात कशी करावी?

आपले नाव सांगावे, आपण कशासाठी आलो आहोत ते सांगावे आणि थोडा वेळ नुसते जवळ बसावे. रुग्ण घरी अहिराणी बोलत असेल तर ‘झोप लागस का?’ एवढे विचारल्यावर जे मोकळेपण येते, ते पुस्तकी मराठीतल्या लांब प्रश्नाने येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडचा रुग्ण पावरी किंवा भिली बोलणारा असेल तर दुभाष्या लागतो, आणि तो शक्यतो सासरचा किंवा भांडणातला नातेवाईक नसावा. कारण मारहाण, उपाशी ठेवणे किंवा मरणाचे विचार या गोष्टी रुग्ण त्याच्यासमोर सांगणार नाही. परिचर्यातज्ज्ञ हिल्डेगार्ड पेपलाउ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्याची मांडणी केली तेव्हा ओळखीचा टप्पा सर्वांत आधी ठेवला होता. हा टप्पा घाईने उरकला की पुढे मिळणारी माहिती अर्धवट राहते.

आवाज ऐकू येतात किंवा जेवणात विष घातले आहे, असे रुग्ण म्हणतो. त्याला काय उत्तर द्यावे?

वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘तुम्हाला आवाज येतो आहे हे मला समजले, मला तो ऐकू येत नाही, पण त्याने तुम्ही घाबरला आहात हे दिसते आहे,’ असे बोलणे योग्य ठरते. त्यानंतर आवाज नेमके काय सांगतो हे विचारलेच पाहिजे, कारण ‘उडी मार’ किंवा ‘याला मार’ असा हुकूम देणारा आवाज असेल तर ती बाब डॉक्टरांना तत्काळ कळवावी लागते. विषाचा संशय असणाऱ्याला सालासकट केळे, बंद पुडा किंवा सर्वांसाठी एकाच भांड्यातून वाढलेले अन्न द्यावे. त्याच्या अन्नात गोळी लपवून दिली आणि ती त्याला सापडली, तर त्याचा संशय खरा ठरतो आणि तो पुढे कोणाच्याही हातचे खात नाही.

भास-भ्रमावरच्या औषधांचे कोणते दुष्परिणाम ओळखता आले पाहिजेत?

क्लोरप्रोमॅझिनचा वापर १९५२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर हॅलोपेरिडॉल आले. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल आणि हट्टी आजारात क्लोझापिन वापरले जाते. विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी स्नायूंचे दुष्परिणाम होतात आणि ते ठरावीक काळाने दिसतात. पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत मान वाकडी होणे, डोळे वर चढणे, जीभ बाहेर येणे हे घडते. नातेवाइकांना ती बाधा वाटते, पण प्रोमेथॅझिनचे इंजेक्शन दिल्यावर ते बहुधा लवकर उतरते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत असह्य चुळबुळ सुरू होते आणि रुग्ण एका जागी बसू शकत नाही. ही चुळबुळ आजार वाढल्याची खूण समजून औषधाचा डोस वाढवला गेला तर त्रास दुप्पट होतो, म्हणून ‘मनात बेचैनी आहे की पायांत?’ हे विचारून नोंदवावे. काही आठवड्यांत हाताला कंप, ताठरपणा आणि मंद चाल दिसते. कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी ओठ व जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कधी कधी कायम राहतात.

अंग लाकडासारखे ताठ, तीव्र ताप, घाम, वरखाली होणारा रक्तदाब आणि भान हरपणे ही लक्षणे एकत्र दिसली तर पुढचा डोस देऊ नये आणि डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवावे. हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असून तो जीवघेणा ठरू शकतो.

ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन व साखर वाढते, त्यामुळे वजनाचा तक्ता ठेवावा. क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला करावी लागते, आणि घसा दुखून ताप आला तर तोही साधा ताप समजू नये. क्लोझापिनची बद्धकोष्ठता विकोपाला जाऊ शकते, म्हणून शौचाला झाली का हा प्रश्न रोज विचारावा.

महिन्याचे इंजेक्शन म्हणजे काय? ते कसे द्यावे?

फ्लुफेनॅझिन डेकॅनोएटसारखी तेलातील औषधे स्नायूत दिल्यावर दोन ते चार आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहतात. सुई आणि सिरिंज पूर्ण कोरडी असावी. औषध दाट असल्यामुळे जाड सुई घ्यावी, कमरेच्या स्नायूत कातडी एका बाजूला ओढून खोल टोचावे, सावकाश सोडावे आणि नंतर ती जागा चोळू नये. पुढची तारीख रुग्णाच्या कागदावर ठळक लिहावी. रोजची गोळी विसरणाऱ्या किंवा घरी कोणी लक्ष देणारे नसलेल्या माणसाला या इंजेक्शनाचा फार आधार असतो, पण ते शिक्षा म्हणून देऊ नये आणि तशी धमकीही देऊ नये.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाने आमच्याकडच्या उन्हाळ्यात काय जपावे?

हा प्रश्न खानदेशात प्रत्येक लिथियमच्या रुग्णाला स्वतःहून समजावून सांगितला पाहिजे. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात उन्मादावर या क्षाराचा उपयोग दाखवला आणि आजही उन्माद-नैराश्याच्या आजारात त्याच्याइतके भरवशाचे औषध क्वचितच सापडते. मात्र त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे आहे. नेहमीच्या उपचारात रक्तातील प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची चिन्हे दिसू लागतात. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यावे लागते, म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच द्यावी.

मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमसारखेच वागवते. घाम, जुलाब किंवा उलट्यांमुळे शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही साठते. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा रावेर-यावलच्या केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमके हेच घडते. हात जोरात थरथरतात, जुलाब लागतात, चाल डळमळते, जीभ जड होते, आणि घरचे ‘ऊन लागले’ म्हणून कांद्याचा रस देत बसतात. अशा वेळी पुढची गोळी थांबवून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात आणले पाहिजे. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम बंद करू नये, कडक उपवास किंवा रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेनच्या गोळ्यांनी लिथियम वाढते. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित आहे. रक्तदाबाची काही औषधेही ते वाढवतात. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी.

उन्हाचा धोका केवळ लिथियमपुरता नाही. क्लोरप्रोमॅझिन आणि स्नायूंच्या दुष्परिणामांवर दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल यांमुळे घाम कमी येतो व शरीर तापते, त्यामुळे ही औषधे घेणाऱ्यांनी दुपारचे शेतकाम टाळावे.

नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?

नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांची दारूसारखी ओढ लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड आणि झिणझिण्या येतात, म्हणून त्या हळूहळू कमी करतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने उपचार सुरू ठेवावे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मन उदास असतानाच अंगात हुरूप येतो, आणि आधी हालचाल करण्याचेही बळ नसलेला रुग्ण या काळात स्वतःला इजा करू शकतो. विशेषतः २५ वर्षांखालील रुग्णांवर लक्ष हवे. अ‍ॅमिट्रिप्टिलिन व इमिप्रॅमिन या जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्यास हृदयाला घातक ठरतात, त्यामुळे त्या कमी दिवसांच्या द्याव्यात आणि नातेवाइकाच्या ताब्यात ठेवायला सांगाव्यात.

आणि झोपेच्या गोळ्यांची?

हो, लागते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधे थोड्या आठवड्यांसाठीच असतात. वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर त्या घेणारे अनेक वृद्ध आपल्याकडे आहेत. त्यांना त्या अचानक बंद करायला सांगू नये. झटके येऊ शकतात.

नवऱ्याची दारू सोडवण्यासाठी चहातून गुपचूप देता येईल असे औषध आहे का?

डॉक्टरांकडे किंवा परिचारिकेकडे बायका हा प्रश्न हलक्या आवाजात विचारतात, आणि त्यामागचे हाल खरे असतात. तरीही उत्तर ठामपणे ‘नाही’ असेच द्यावे लागते. अशा रीतीने दिले जाणारे औषध बहुधा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. आपण काय घेतो आहोत हे ज्याला माहीत नाही, तो नेहमीप्रमाणे महूची (मोहाच्या फुलांची) दारू पिणारच. म्हणून हे औषध रुग्णाच्या पूर्ण संमतीनेच देतात. जाहिराती पाहून पुड्या विकत घेणाऱ्यांनाही हेच समजावून सांगावे.

दारू अचानक सुटल्यावर काय होते, हे सर्वच कक्षांतील परिचारिकांना माहीत असायला हवे. पाय मोडून अस्थिरोग कक्षात दाखल झालेला, रोज पिणारा माणूस पहिल्या दिवशी थरथरतो. ६ ते ४८ तासांत त्याला झटके येऊ शकतात. आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तो भिंतीवर किडे दिसतात म्हणून पलंगावरून उठून पळू लागतो. हा डेलिरियम ट्रेमेन्स होय आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. क्लोरडायझेपॉक्साइड, किंवा यकृत खराब असल्यास लोराझेपाम, देतात. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायामिन (जीवनसत्त्व ब१) देणे आवश्यक असते. ते राहून गेल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दाखल करतानाच ‘शेवटची दारू कधी घेतली?’ हे विचारून लिहून ठेवावे.

मरणाचे विचार येतात का, असे थेट विचारले तर तो विचार रुग्णाच्या डोक्यात आपणच घालतो का?

नाही. विचारल्याने बहुतेकांना हलके वाटते. विचार येतो का, काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, हे क्रमाने आणि शांतपणे विचारावे. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घरातच, कधी खाटेखाली ठेवलेले असते. ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला सांगणे हा प्रत्यक्ष जीव वाचवणारा सल्ला आहे. कक्षात अशा रुग्णाजवळ सतत माणूस हवे. ओढण्या, नाड्या, पाती आणि काच काढून घ्यावी, आणि ड्यूटी बदलण्याची वेळ, जेवणाची वेळ व पहाट या काळात विशेष सावध राहावे.

फवारणीचे औषध पिऊन आलेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन दिले जाते. त्यानंतर तो चादर चिमटू लागला, बडबडू लागला, अंग कोरडे व गरम झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि नाडी वेगाने चालू लागली, तर ते अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. त्याला वेड लागल्याची खूण समजू नये. जिवावरचा धोका टळल्यावर सुट्टीआधी मनोविकारतज्ज्ञांची भेट झालीच पाहिजे.

कायद्याच्या भीतीने घरचे खोटी माहिती देतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला असून त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी आहे. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही.

आक्रमक रुग्णाला बांधून ठेवता येते का?

साखळीने बांधणे कोणत्याही परिस्थितीत बेकायदा आहे. घरीही आणि रुग्णालयातही. एकांतकोठडीही वर्ज्य आहे. मऊ पट्ट्यांचा वापर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ करता येतो. कारण नोंदवावे लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचाराच्या निर्णयांत त्याला मदत करणाऱ्या व्यक्तीला) २४ तासांच्या आत कळवावे लागते. त्या काळात वारंवार हातापायांचा रंग, नाडी, तहान आणि लघवी पाहावी. मनुष्यबळ कमी आहे म्हणून बांधले, हे कारण कायद्याला मान्य नाही, आणि ते मान्य नसावे हेच योग्य आहे.

शॉक ट्रीटमेंटची इतकी भीती का? ती सुरक्षित आहे का?

ही पद्धत इटलीत १९३८ मध्ये सुरू झाली तेव्हा भूल न देता दिली जात असे. लोकांच्या मनातले चित्र त्या काळाचे आहे. आज भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ती देणे कायद्याने बंद आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती व मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तीव्र नैराश्य, अन्नपाणी सोडलेला किंवा आत्महत्येचा गंभीर धोका असलेला रुग्ण, अशा वेळी ती लवकर गुण देते. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणे, कवळी व दागिने काढणे, लघवी करवून घेणे आणि संमतिपत्र तपासणे ही परिचारिकेची तयारी असते. नंतर काही वेळ गोंधळ आणि विसराळूपणा राहतो. तेव्हा जवळ बसून दिवस, जागा आणि नाव सांगत राहावे.

घरचे आधी भगताकडे नेतात. त्यांना कसे समजवावे?

त्यांना रागावून काहीच साधत नाही. ते पुढच्या वेळी येतच नाहीत. सातपुड्यात भगत जवळ आणि दवाखाना दूर, ही वस्तुस्थिती आहे. कानबाईच्या उत्सवात किंवा सप्तशृंगी गडाच्या यात्रेत काही वेळ अंगात येणारी आणि नंतर नेहमीच्या कामाला लागणारी बाई केवळ त्यामुळे आजारी ठरत नाही. झोप उडाली, काम सुटले, बोलणे विस्कटले, तर मात्र उपचार हवेत. ‘पूजा करा, नवस फेडा, पण गोळी थांबवू नका,’ असे सांगितले तर बहुतेक घरे ऐकतात. एका गोष्टीला मात्र मुभा नाही: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत माहेरी आलेली बाळंतीण झोपेनाशी झाली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर तिला बाधा समजून थांबू नये. बाळाला तिच्याजवळ एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गरोदरपणात औषधे चालू ठेवावीत का?

स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना ताबडतोब सांगावे. उन्माद व झटक्यांवर दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटने बाळाच्या मज्जारज्जूत दोष निर्माण होण्याचा धोका मोठा असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत.

खानदेशात उपचार कोठे मिळतात?

राज्यातील जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. जळगाव व नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागात दाखवता येते, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा पातळीवर करता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून मराठीतही बोलता येते.

सुट्टी देताना नातेवाइकांना काय सांगावे?

औषधाचे मूळ नाव, प्रमाण आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. वाचता न येणाऱ्या घरात सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून द्यावा. आजार उलटण्याची त्या रुग्णाची पहिली खूण कोणती, हे घरच्यांकडूनच काढून घ्यावे. बहुतेक वेळा ती झोप कमी होणे ही असते. गोळी गिळली की गालात धरली, हे पाणी पाजून आणि दोन शब्द बोलून पाहावे. तोंडात बोट घालून तपासण्याने रुग्णाचा स्वाभिमान दुखावतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणारी कुटुंबे खानदेशात पुष्कळ आहेत, आणि औषधात खंड पडून आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून सुट्टीच्या वेळीच ‘कामाला कुठे आणि कधी जाणार?’ हे विचारावे. निघण्याआधीचे इंजेक्शन कोणत्या तारखेला द्यायचे, गोळ्या किती दिवसांच्या बरोबर नेता येतील, आणि त्या संपल्यावर तिकडच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात हा कागद दाखवायचा, हे डॉक्टरांकडून ठरवून घेऊन त्याच कागदाच्या मागे लिहून द्यावे.